आतल्या सालीवरचे घाव

मी बुचाचा ओक बोलतोय. पोर्तुगालच्या दक्षिणेला, अलेंतेजूच्या माळावर नव्वद वर्षं उभा आहे. तुमच्या बाटल्यांची बुचं माझ्याच सालीची. ती सोलली तरी मी मरत नाही. नऊ वर्षांत नवी साल येते. फक्त तिच्याखालच्या पातळ, ओल्या थराला कुऱ्हाड लागता कामा नये. त्या थराला इथली माणसं 'आई' म्हणतात.

आदेलिनूने मला पाच वेळा सोललं. पहिल्यांदा आला तेव्हा पोरगेला होता. खोडावर हात ठेवून किती वेळ नुसता उभा राहिला. पुढे कुऱ्हाडीच्या आवाजावरून त्याला कळू लागलं, कुठे थांबायचं ते. माझ्याच अंगावर त्याने लेकीला, झुल्मीराला, हे काम शिकवलं. साल सुटली की म्हणायचा, "बघ, म्हाताऱ्याला ओरखडाही नाही!"

गेल्या उन्हाळ्यात मालक व्हाल्देमार त्याला माझ्या सावलीत घेऊन आला.

"जिवंत ओक तोडू देत नाहीत. वाळले तर देतात. मला इथे अवोकाडो लावायचेत. तेवढी सोय कर."

"मालक, ही झाडं मी…"

"नाहीतर माझं घर रिकामं कर."

मला खात्री होती, तो नाही म्हणेल.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. साल काढायला अजून दोन वर्षं होती. त्याने नेहमीसारखा खोडावर हात ठेवला आणि मी निर्धास्त झालो. पहिला घाव थेट आईत घुसला. चुकला असेल, वय झालंय, असं मी मनात म्हटलं. दुसराही तेवढाच खोल बसला. मग तिसरा. चुकणारा हात इतका नेमका पडत नाही. खोडाभोवती फिरत त्याने आई जवळजवळ सगळीकडून कापली आणि सुटलेली साल वर नीट दाबून बसवली.

महिन्याभरात माझी पानं करपली. वनखात्याचा अधिकारी आला. आदेलिनू टोपी हातात घेऊन म्हणाला, "रोग पडलाय, साहेब."

बापासोबत आलेल्या झुल्मीराने साल उचलली. बोटाने घाव चाचपले.

"रोग कुऱ्हाड चालवतो का, बाबा?"

"गप्प बस."

"हा हात मी ओळखते. याच हाताने मला शिकवलंय."

"अगं, घर जाईल आपलं!"

"जाऊ दे."

तिने अधिकाऱ्याला सगळं दाखवलं. माळावरचे बाकीचे ओक वाचले. बापलेक घर सोडून गावात भाड्याने राहायला गेले. पण कापलेली आई पुन्हा येत नाही. माझी एकच फांदी आता हिरवी आहे.

हल्ली दुपारी आदेलिनू चालत येतो, त्या फांदीखाली बसतो, "माफ कर रे" म्हणून रडतो. त्याची भीती मला कळते. एखाद्या परक्याने मारलं असतं, तर मी माफही केलं असतं.

गावाकडे जाणार असाल, तर झुल्मीराला एवढं सांगा: तुझ्या बाबाला दुसऱ्या झाडाखाली बसव. त्याला उठ म्हणायला मला तोंड नाही, आणि सावली आखडून घेता येत नाही.