शेपटीवाले मामा

ऑफिस उघडलं की वहिनी आधी खोलीत जायची. खोली म्हणजे चार भिंतींची नव्हे. झेरॉक्स मशीनशेजारी एक जुना संगणक दिवसरात्र घरघरत असे, त्यावर दिराने चॅटचा सर्व्हर बसवला होता, आणि त्या सर्व्हरवर मेकॅनिक लोकांची एक खोली होती. नवरा आणि दीर, दोघांचा लिफ्टदुरुस्तीचा धंदा. मशीनरूम कुठे तळघरात, कुठे गच्चीखाली लोखंडी दाराआड. तिथे फोनवरचा आवाज तुटतो, टाइप केलेली ओळ मात्र रडतखडत का होईना, पोचते. म्हणून सगळे खोलीत लिहायचे. कोणता पार्ट, कोणती वायर, कोणी चहा पाजला, कोणी नुसतंच पाणी.

खोलीचा जीव होता मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते. आयुष्यभर मोटारींच्या आवाजात काम करून त्यांचे कान गेले, मग त्यांनी काम सोडलं, पण जुन्या लिफ्टा त्यांना अजून तोंडपाठ होत्या. फोन त्यांच्या काही कामाचा नाही. त्यांचं ऐकणं आणि बोलणं म्हणजे ही खोली.

दिराने खोलीची राखण वहिनीकडे दिली होती, पण अटीवर. ऑपरेटरच्या, म्हणजे अख्ख्या सर्व्हरच्या मालकाच्या, आज्ञांना हात लावायचा नाही, एक अक्षर चुकलं तर सगळी माणसं रस्त्यावर येतील. पासवर्ड सांगून ठेवला होता तो फक्त आग-बिग लागली तर. वहिनी बरं म्हणाली. आणि जेवणाच्या सुट्टीत तिने एक रिकामी खोली उघडली, त्यात दोन वेगवेगळ्या नावांनी स्वतःच शिरली, आणि स्वतःच स्वतःला हाकलायला शिकली. गप्प करायला शिकली. परत बोलतं करायला शिकली. त्या खोलीत तिने स्वतःचा जेवढा अपमान केला तेवढा सासरी कुणी केला नव्हता.

आज नवरा आणि दीर दोघेही विमानात होते, फोन बंद.

अडकली

लिफ्टमधला धोक्याचा फोन थेट ऑफिसात वाजतो. वहिनीने उचलला.

"तुझ्या नवऱ्याच्या लिफ्टमध्ये मी आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि लिफ्ट कुठेच नाही."

त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. दाराच्या फटीतून भिंत दिसते म्हणाल्या, आणि भिंतीला रंग लावायची अक्कलही कुणाला झाली नाही म्हणाल्या. वहिनीने विचारलं, पंप घेतलाय का. सासूबाईंना दमा होता. पलीकडे पर्स उपसल्याचा आवाज. पंप घरी, टेबलावर.

अग्निशमनवाल्यांना फोन केला, ते पुलावरच्या कोंडीत होते. लांब्या मात्र त्याच गल्लीत होता. लांब्या म्हणजे यांचा सगळ्यात उंच मेकॅनिक. चिडलेल्या लिफ्टा त्याच्याकडे आणि चिडलेली गिऱ्हाइकंही त्याच्याचकडे. तो तळघरात उतरला, आणि खोलीत त्याची ओळ आली.

लांब्या: मेन बंद केला. हाताने फिरवायचं चाक बसवलं. ब्रेक सुटतच नाही वहिनी

लांब्या: जोर लावू का? ब्रेकचा दांडा जुना आहे. मामांना विचा

पूर

झुंबा७: घ्या घ्या घ्या फुकट घ्या
झुंबा१२: घ्या घ्या घ्या फुकट घ्या
कखगघ: हाहाहाहाहाहाहाहा
झुंबा३: घ्या घ्या
लांब्या: मामा आहेत का, ब्रेकच्या मा
झुंबा९: घ्या घ्या घ्या फुकट घ्या
कखगघ२: हाहाहाहाहाहाहाहा

कुठल्या कोण टवाळखोराने खोट्या नावांची फौज सोडली होती. ओळी इतक्या वेगाने वर सरकत होत्या की लांब्याचं वाक्य वाचेपर्यंत पडद्याबाहेर. वहिनीने एकाला हाकललं, तीन आत आले. तिघांना हाकललं, तेच तिघे नाव बदलून परत.

टेबलावर फोन उघडाच होता. एरवी सासूबाई एका श्वासात चार टोमणे बसवायच्या. आता एका टोमण्याला दोन श्वास लागत होते.

वहिनीने दिराला मनातल्या मनात सांगितलं, भाऊजी, लागली आग. आणि पासवर्ड टाइप केला. पडद्यावर साधी ओळ उमटली, की आता ती या सर्व्हरची ऑपरेटर आहे. तिला वाटलं होतं काहीतरी वाजेल तरी.

+m

हा खोलीचा एक मोड. लावला की खोली गप्प. राखणदाराने ज्याला व्हॉइस दिला तोच बोलणार, बाकीच्यांनी कितीही बडवलं तरी त्यांची ओळ त्यांच्यापाशीच राहते. दार बंद करायचाही मोड होता, पण मामा अजून बाहेर असले तर दारात उभे राहतील. म्हणून दार उघडं ठेवलं, तोंडं बंद केली.

 

 

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं.

+v लांब्या

लांब्या: देवा

लांब्या: काय झालं एकदम? मीच बहिरा झालो का

तिने लिहिलं, गप्प रहा, मामांना बोलतं करतेय. नावांची यादी उघडली. सगळा कचरा, झुंबा, झुंबा, कखगघ, आणि मध्येच 'मामा'. तिने मामांना व्हॉइस दिला आणि विचारलं, जुन्या इमारतीचा ब्रेक कसा सोडायचा.

मामा गप्प.

तिने परत विचारलं. लांब्याने विचारलं. मामा गप्प.

फोनमधून सासूबाई म्हणाल्या, "अगं, आहेस ना?"

"आहे, आई. बसून घ्या खाली."

"बसलेच आहे."

सासूबाई सांगायच्या आत बसल्या, हे ऐकून वहिनीने फोन आणखी जवळ ओढला. लांब्याने लिहिलं, मारू का हातोडा. तिने लिहिलं, खबरदार.

आणि मग तिला त्या गप्प बसण्याचाच संशय आला. मामा एका अंगठ्याने टाइप करायचे, हळू, चुका करत, पण कुणी काही विचारलं आणि ते गप्प राहिले असं कधी झालं नव्हतं. कान गेलेला माणूस समोरच्याला ताटकळत ठेवत नाही, त्याला ताटकळणं म्हणजे काय ते माहीत असतं. तिने सर्व्हरला विचारलं, हा मामा शेवटचा बोलला कधी? सर्व्हर म्हणाला, सकाळी.

म्हणजे हे मामा नव्हतेच. मामांचं इंटरनेट मध्येच गेलं असणार. सर्व्हरला ते कळलं नाही, त्याने मामांची रिकामी खुर्ची तशीच त्यांच्या नावाने मांडून ठेवली. मामा परत आले तेव्हा त्यांचं स्वतःचं नाव त्यांना मिळालं नाही, दुसऱ्या नावाने शिरावं लागलं. तिने व्हॉइस दिला होता तो मामांच्या भुताला.

तिने यादी पुन्हा धरली, खालपर्यंत, एकेक नाव. कखगघ. झुंबा. आणि त्यांच्यात अंग चोरून बसलेलं, मागे एक छोटी आडवी रेघ शेपटीसारखी लावलेलं,

मामा_

+v मामा_

मामा_: अग पोरी केव्हाचा बोंबलतोय मी

मामा_: ब्रेकच्या मागे हात घाल. वर. खिट्टी आहे. दिसत नाही, हाताला लागते

मामा_: ती काढ मग दांडा. जोर नको. मोडेल

लांब्या: लागली

मामा_: आत कोण

एकच बाई, तिने लिहिलं. सासूबाई.

मामा_: मग पिंजरा हलका. पलीकडचं वजन जड. खाली आणायच्या भानगडीत पडू नका, तो आपणहून वर जाईल. चाक घट्ट धर, ब्रेक सोड थोडा, धर, परत सोड. चौथ्यावर ने

मग तळघरातून ओळी थांबल्या. लांब्याचे दोन्ही हात चाकावर होते. वहिनीला फक्त फोनमधला श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे लोखंडाचं एक लांबलचक कुरकुरणं.

"भिंत हलतेय," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही हलताय, आई. वर."

भिंत संपली. उजेड आला म्हणाल्या. मग दार सरकल्याचा आवाज, डॉक्टरांच्या कंपाउंडरचा आवाज, दवाखान्यातला पंप द्या, पंप द्या, आणि मग कितीतरी वेळाने एक मोठा, भरलेला, बिनटोमण्याचा श्वास.

वहिनीने टेबलावर दोन्ही तळवे ठेवले. ठेवले तसेच राहू दिले.

सफाई

पण ती उठली नाही. आता तिने दार बंद केलं. मग ऑपरेटरची जड आज्ञा उचलली, जी माणसाला नुसती खोलीतून नव्हे, सर्व्हरवरूनच उचलून फेकते. झुंबा गेला. झुंबा गेला. कखगघ हसता हसता गेला. ज्या पत्त्यांवरून ते येत होते त्या पत्त्यांनाच कुलूप घातलं. शेवटी मामांच्या भुताला हात जोडून निरोप दिला, आणि खऱ्या मामांनी शेपूट टाकून आपलं नाव परत घेतलं.

यादीत आता फक्त आपली माणसं. तिने गप्प बसण्याचा मोड काढला.

इतका वेळ तोंडाला कुलूप असलेले सगळे एकदम फुटले. गच्च्यांवरून, तळघरांतून, लोखंडी दारांमागून. वहिनी जिंदाबाद. मामा जिंदाबाद. लांब्याची छाती मोजा. कुणीतरी म्हणालं की वहिनीपुढे आता तोंड सांभाळून बोलायचं, बाई गप्प करते. ती हसली, आणि ज्याने म्हटलं त्याला चहाच्या एका घोटापुरतं गप्प केलंही.

दुपारी विमान उतरलं. दिराने आधी सर्व्हर पाहिला, मग फोन केला. घाबरला होता. इतकी माणसं बाहेर काढलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"वहिनी, काय केलंत तुम्ही?"

"झाडू मारला, भाऊजी. आणि ऐका, ऑपरेटर आता मी राहणार. तुमचं नाव ठेवलंय, हौसेला."

दिराने सर्व्हरची नोंद परत चाळली, त्यात मामांचं भूत सापडलं. मग म्हणाला की त्यालाही ती भुताची गोष्ट नीट सांगा, त्याच्या हातून असं दोनदा झालंय आणि कारण कधी कळलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई ऑफिसात आल्या, पंप हातात धरून. घरी जा म्हटलं तर ऐकेनात. खुर्ची ओढली, वहिनीच्या शेजारी बसल्या, पडदा बराच वेळ निरखला. मग म्हणाल्या की सगळे जिथे बोलतात तिथे त्यांनाही बोलायचंय. वहिनीने त्यांना नाव दिलं, आत घेतलं, कीबोर्ड पुढे सरकवला. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत लिहायला घेतलं. सगळी खोली थांबली. कुणालाही गप्प करावं लागलं नाही.

आई: त्या लिफ्टमध्ये बसायला एक स्टूल ठेवा