‘सॅड’ची सातवी चिठ्ठी

इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत भांडणं होत नसत. भांडायला आवाज चढवावा लागतो आणि सरांसमोर, म्हणजे कोशाच्या संपादकांसमोर, आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. तीन टेबलं, भिंतभर कपाटं आणि त्यांत खोक्यांवर खोकी भरलेल्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक अर्थ, त्याचं एक वाक्य, पुस्तकाचं नाव आणि पान. चिठ्ठी लिहिणाऱ्याने ती स्वतः तपासायची नाही, हा सरांचा नियम. तपासायची दुसऱ्याने, मूळ पुस्तक उघडून. वाक्य सापडलं की पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने बरोबरची खूण करायची आणि खाली तारीख टाकायची. पुस्तकात नाही ते कोशात नाही. ब्रह्मदेव आला तरी नाही.

या नियमाने ताईच्या घराचं वाटोळं केलं होतं. ताई तिथली तपासनीस. तिचा थोरला भाऊ, दादा, तिच्या आधीपासून तिथे होता. नाकासमोर चालणारा माणूस, पण शब्दांचं वेड असं की जेवताना आमटी गार व्हायची. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने ‘सॅड’ची एक चिठ्ठी लिहिली. पुस्तक होतं घरकामावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक. सरांनी चारचौघांत कचेरीतली त्याची प्रत दादापुढे टाकली आणि म्हणाले, “दाखव.” दादाने ते पान उलटलं, मागचं उलटलं, पुढचं उलटलं. वाक्य नव्हतं. वाचनालयातल्या प्रतीत वाचलंय, एवढंच तो म्हणत राहिला. कुठल्या वाचनालयात, ते त्या क्षणी काही केल्या आठवेना. सर म्हणाले, “वाक्यं बनवणारा माणूस मला नको.” संध्याकाळी दादा डबा विसरून घरी आला.

ताई मात्र टिकली. घर चालायचं होतं, आई आजारी होती. लोक म्हणाले, भावाला हाकललं आणि हिने खुर्ची सोडली नाही. म्हणणाऱ्यांचं काय जातं?

एवढ्या वर्षांनी ‘एस’ अक्षर छपाईला निघालं आणि ‘सॅड’चा गठ्ठा तपासायला ताईच्या टेबलावर आला. तिने तो नाइलाजानेच उघडला. उदास हा अर्थ कुणालाही माहीत असतो, पण तो सगळ्यांत शेवटी होता. आधी होते ते जुने अर्थ: पोट भरून तृप्त झालेला, मग जड, मग निश्चयाचा पक्का, मग गंभीर. पाचवा गडद, काळपट रंग. सहावा भरीव लोखंडी इस्त्रीचा. पोट भरलेल्याचा उदास कसा झाला, याचं सरांना मोठं कौतुक. नव्या माणसाला ते हटकून ऐकवायचे.

सातवी चिठ्ठी तिने उचलली आणि तिचा हात थांबला. न फुगलेला, भाजून दगड झालेला पाव. “भट्टी नीट तापली नव्हती, सगळे पाव सॅड निघाले.” दादाचंच वाक्य, तेच पुस्तक. अक्षर मात्र सरांचं होतं, आणि पानाच्या आकड्यापुढे दोन शब्द जास्तीचे होते: पहिली आवृत्ती.

ती उठली. सरांच्या पाठीमागच्या कपाटात, खालच्या फळीवर ते पुस्तक सापडलं. बांधणी सुटलेली, रद्दीवाल्याकडून घेतलेलं. कचेरीतल्या नव्या आवृत्तीत गाळलेला तो परिच्छेद इथे जसाच्या तसा होता. दादा आवृत्ती लिहायला विसरला होता. अपराध एवढाच. समासात पेन्सिलीची खूण होती आणि खाली तारीख: दादा गेल्यानंतर तीन महिन्यांची.

पुस्तक तसंच उघडं धरून ती सरांच्या टेबलाशी गेली.

“सर, ही खूण तुमची?”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं. “हो.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.”

“कळलं होतं.”

“मग बोलावलं का नाही त्याला?”

“तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता,” सर म्हणाले. “आणि सगळ्यांना सांगून बसलो होतो. काय तोंडाने सांगणार होतो? अर्थ तरी वाया जाऊ दिला नाही मी.”

ताईला वाटलं, हे पुस्तक यांच्या डोक्यात घालावं. पण सर पंचाहत्तरीचे होते, आणि एकोणीस वर्षं खाली मान घालून बसायची तिलाही सवय झाली होती. “हे मी घरी नेतेय,” एवढंच ती म्हणाली. कचेरीतलं पुस्तक बाहेर न्यायला बंदी होती. सरांनी अडवलं नाही.

दादा नुकताच कामावरून आला होता. एका गोदामात तो पार्सलांवर पत्ते चिकटवायचा. प्रत्येक पत्ता तीनतीनदा वाचायचा, म्हणून मुकादमाच्या शिव्या खायचा. कुलूप लावून निघाला तरी कोपऱ्यावरून परत यायचा, लावलंय का बघायला. घरात इंग्रजी पुस्तकाला त्याने पुन्हा हात लावला नव्हता.

ताईने पान त्याच्यासमोर धरलं. त्याने ओळीवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे होतं?”

“होतं दादा. तू खरं सांगत होतास. सरांना माहीत होतं.”

तो चिडेल, रडेल, निदान चार शिव्या तरी देईल, असं तिला वाटलं होतं. तो नुसता बोट फिरवत राहिला.

“मला पटलं होतं गं, की मीच बनवलं असणार,” तो म्हणाला. “इतक्यांदा आठवून बघितलं, की शेवटी काही खरं वाटेना. आई गेली त्या आठवड्यात तिचे पाय धरून सांगितलं, आई, मी लबाडी केली होती, मला माफ कर.”

“आई काय म्हणाली?”

“म्हणाली, जाऊ दे रे, कबूल केलंस ना. सुखाने गेली ती.”