पाय वर ठेव गो, कावेरी!

आजारी माणसाला बघायला जायची आपल्याकडे भारी हौस! जाणारा मायेनेच जातो. पण तो घरात शिरला की आजारी माणूसच उठून चहाचे आधण ठेवतो. मिठबावच्या कावेरीच्या घरी गेले पाच आठवडे हेच चालले होते.

कावेरीच्या डाव्या नडगीवर एक चट्टा होता, खपली धरायचा नि पुन्हा सोलायचा. तपासल्यावर तो निघाला त्वचेचा कर्करोग. डॉक्टरांनी वेळेवर कापून काढला, आणि सगळा निघाला म्हटल्यावर घरादाराचा जीव भांड्यात पडला. नडगीवरची कातडी ताणलेली, टाके बसण्यासारखे नव्हते. म्हणून सुपारीएवढी जखम आपसूक भरू द्यायची ठरली. पट्टी घट्ट, थोडे चालणे, आणि बसले-निजले की पाय वर उशीवर. एवढेच पथ्य.

पण नेमके तेच कावेरीला जमेना. बाहेर ओटीवर तिचे सासरे भाई बसलेले. बत्तीस वर्षांत तिने त्यांच्यासमोर कधी पाय पसरला नव्हता. भाई नुसते खोकले तरी पाय खाली. शेजारची तुळसाकाकी "कसो आसा गो पाय?" विचारत आली की पाय खाली, आणि पायाची मालकीण थेट चुलीपाशी!

दर सोमवारी नर्स अक्षया पट्टी बदलायला येई. त्या सोमवारी जखम मोजताना तिचा चेहरा उतरला.

"काकी, जखम भरना नाय. सूजय वाढली. पाय वर ठेवतास मां?"

"ठेवतंय गो," कावेरी म्हणाली.

इतक्यात ओटीवर भाई खोकले. कावेरीचा पाय उशीवरून चटकन खाली आला! अक्षयाला हसू आवरेना, पण लगेच ती गंभीर झाली.

"पाय लोंबत ठेवलो की सगळा पाणी खाली उतारता, सूज चढता. मगे जखम भरतली कशी? आणखी दोन आठवड्यांत सुधारली नाय, तर मांडीची कातडी काढून लावची लागतली. परत ऑपरेशन!"

कावेरीचे डोळे भरून आले. पुन्हा ते टेबल, पुन्हा तो पांढरा दिवा! तिला ते नकोच होते. "पण मोठ्या माणसासमोर पाय वर कसो करू? लोक काय म्हणतले?"

"मान मनात आसता, काकी. पायाक काय कळता?" असे म्हणून अक्षया सरळ ओटीवर गेली. "भाई, तुमच्या सुनेचो पाय तुमका भिता! म्हणान जखम भरना नाय."

"मेलंय!" कावेरी पुटपुटली.

काठी टेकत भाई आत आले. कावेरी धडपडत उभी राहिली.

"बस!" भाई गरजले. ती मटकन बसली. भाईंनी खुर्ची पुढे ओढली, तिच्यावर उशी ठेवली, आणि वाकून सुनेचा पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला!

"भाई! पाप लागात माका!"

"तुका नाय गो. लागला तर माका लागात. तू पाय खाली घेय होतंस, आणि मी थंयसर बसान खूश होय होतंय, घरात रीत आसा म्हणान! तुझी जखम माका दिसाक नाय." म्हाताऱ्याने उशी नीट सारली. "बत्तीस वर्सां मान दिलंस. आता जरा माझ्याकडसून घे."

कावेरी रडली, नि रडता रडता हसली.

त्या दिवसापासून भाईच राखणदार झाले. कुणी पायरी चढले की ओटीवरूनच आवाज, "भेटाक इलास? बरा झाला! चाय तुमीच ठेवा. माका साखर कमी!" तुळसाकाकी पहिल्या दिवशी जरा फुरंगटली, दुसऱ्या दिवशी घरूनच चहा घेऊन आली. दुसऱ्या आठवड्यातच जखमेच्या कडेने गुलाबी कातडी सरकू लागली, आणि पावणेतीन महिन्यांनी अक्षयाने पट्टी सोडली ती कायमची. ऑपरेशन टळले!

मंडळी, मान देणे वाईट नव्हे. पण मान घेणाऱ्यानेही कधीतरी "पुरे गो" म्हणायला हवे. देणारा बिचारा आपणहून थांबत नाही, दुखणे अंगावर काढत राहतो. तेव्हा आज घरी गेलात की बघा, आपली चाहूल लागताच कोण पाय खाली घेते. आणि उशी आपल्या हाताने नेऊन द्या.