हातभर उघडी भिंत

मित्रांनो, मी एक जुना भिंतीचा तुकडा आहे. हातभर लांब, हातभर रुंद, आणि अंगावर गिलाव्याचं नाव नाही. हसू नका! गवंड्याने कामचुकारपणा केलेला नाही. मी ज्यू लोकांच्या प्रार्थनाघरात, अगदी दारासमोर आहे. फार पूर्वी यांच्या पूर्वजांचं मंदिर पाडलं गेलं, माणसं देशोधडीला लागली. ते विसरू नये म्हणून भिंतीचा एवढा तुकडा उघडा ठेवायचा, ही यांची रीत. खरी ती घराघरांतली, पण इथल्या जुन्या मंडळींनी इथेही पाळली. देवाचं चित्र नाही, मूर्ती नाही. मी आहे, बोडका.

माझ्या पाठीमागच्या खोलीत काकू राहतात. त्यांचा नवरा इथला राखणदार होता. तो गेला, झाडलोट काकूंकडे आली. चाळीस वर्षं त्यांच्या स्टोव्हची ऊब माझ्या पाठीला आहे. रोज सकाळी माझ्यावरची धूळ झटकून म्हणतात, "काय रे बोडक्या, बरा आहेस ना?" एवढं कौतुक मला पुरे होतं.

मग सुशोभीकरण निघालं. छत निळं झालं, खांबांवर द्राक्षांचे वेल चढले. सुरेख दिसतात, खोटं कशाला बोलू? पण प्रार्थनाघराच्या अध्यक्षांची नजर माझ्यावर पडली.

"याला सोनेरी चौकट करा. आणि मागच्या खोलीतल्या मोरीची ओल येतेय याच्यावर. ती खोली पाडून टाका."

काकू म्हणाल्या, "साहेब, मी जाऊ कुठे?"

"बघू काहीतरी. पवित्र जागेचा प्रश्न आहे, काकू."

पवित्र! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला ना तळपाय ना मस्तक, तरी गेली. अरे शहाण्यांनो, पडलेल्या घराची आठवण जपायला उभं घर पाडता? लाज कशी वाटत नाही?

आज गवंडी चौकट घेऊन आला. काकू सामान बांधत होत्या. "हा तुकडा उघडा का हो?" त्याने विचारलं. काकूंनी सगळं सांगितलं. त्याने थापी खाली ठेवली.

"मग तुमच्या खोलीच्या आठवणीला कुठली भिंत उघडी ठेवू?"

अध्यक्ष मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं. म्हणाले, "चौकट जरा उजवीकडे घे."

मित्रांनो, कोणीतरी त्यांना सांगा. काढा ते सोनं, थापा माझ्यावर गिलावा, बुजवून टाका मला. पण त्या बाईचं छप्पर राहू द्या. उद्या सकाळी खोली पाडायला माणसं येणार आहेत. काकूंचा स्टोव्ह बांधून झाला आहे, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी पाठ गार पडली आहे.