नुसते ओठ हलव

बोरीपासून पाथरीपर्यंत सिद्धोधनचं नाव होतं ते हळदीच्या गाण्यांमुळं. त्याच्या व्हिडिओत नवरदेव ड्रोनखालून चालत यायचा आणि काही झालं तरी गॉगल काढायचा नाही. या गाण्यांवर घर चालायचं, आणि घर चालून काही उरलंच तर सिद्धोधन माहितीपट करायचा. चारठाण्याच्या मंदिरांवरचा त्याचा माहितीपट जाणकारांनी नावाजला. पाहिला मात्र बहुतेक भावकीनंच.

या खेपेचा विषय ओसरीत बसून शेंगा फोडत होता. माय, सरजाबाई. कापूस वेचता वेचता तिनं जुळवलेली गाणी तिच्या गळ्याशिवाय कुठंच नव्हती. आणि त्याच गळ्याचं उद्या परभणीत ऑपरेशन होतं. "जिवाला धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणाले होते.

सिद्धोधननं तिच्या पदराला माईक लावला, कानावर हेडफोन चढवला.

"हां माय, म्हण."

सरजाबाई ताठ बसली. ओठ हलू लागले, डोळे भरून आले, एक हात आपसूक वर गेला. चेहरा असा की कॅमेऱ्यानं जीव ओवाळून टाकावा. हेडफोनमध्ये मात्र एक कावळा आणि शेजारचा कुकर. त्यानं वायर बदलली, सेल बदलले, माईकवर फुंकर मारली आणि स्वतःच दचकला.

भिंतीवरून शेजारची दगडाबाई डोकावली. "का रं सिद्ध्या, मशीन मेलं का?"

"माय, जरा मोठ्यानं म्हण की."

"मोठ्यानं? तूच म्हन्ला होतास ना, आवाज काढू नको, नुसते ओठ हलव, आवाज मी मागून टाकतो?"

म्हणाला होता. जयंतीच्या पहिल्या गाण्याच्या शूटिंगला गल्लीतल्या बाया गर्दीत उभ्या केल्या होत्या, तेव्हा. बाकीच्या विसरल्या. सरजाबाईनं ते पाठ केलं होतं.

"नीट हलवले न्हवं?"

"लय नीट."

"मग टाक की कुणाचा बी. तुझ्या हळदीच्या गाण्यातली ती नांदेडची पोरगी लय गोड म्हणती."

सिद्धोधन तिच्या पुढ्यात टरफलांवरच बसला. "मला तुझाच पायजे."

"ह्यो फाटका? जाऊ दे उद्या गेला तर. तुला शिव्या द्यायला मला हातवारे पुरतेत."

"तुला पुरतेत. मला न्हाई पुरणार, माय."

सरजाबाईनं एक शेंग उचलली, न फोडताच खाली ठेवली. सिद्धोधननं नाक पुसलं आणि दिग्दर्शकाच्या आवाजात म्हणाला, "आज उलटं हाय. आज आवाज काढायचा. ओठ न्हाई हलले तरी चालतंय."

सरजाबाई दिग्दर्शकाचं ऐकणारी बाई. तिनं पदर घेऊन तोंड झाकलं आणि सुरू केलं:

"लेक माझा गेला गं, चारठाण्याच्या वाटंला,
त्याची चाहूल बांधते मी पदराच्या गाठीला..."

आवाज फाटकाच होता. शेजारचा कुकर बंद झाला. दगडाबाई भिंतीवर हनुवटी टेकून उभी राहिली.

दुसऱ्या कुणा नायिकेनं असं तोंड झाकलं असतं, तर सिद्धोधननं गावभर ऐकू जाईल असं 'कट' म्हटलं असतं. आज त्याला बोलायची सोयच नव्हती. गाणं त्यालाही पाठ होतं, आणि कॅमेऱ्यामागं तो नुसते ओठ हलवत होता.