गाळणीत सापडलेला खडा

तुम्ही एका माणसाला खोटारडा ठरवलंत, साहेब. त्यानं तुमचं तोंड कधी पाहिलं नाही, तुम्ही त्याचं पोट कधी चाचपलं नाहीत. वरच्या मजल्यावर बसून हॉस्पिटलच्या रिपोर्टाचा साचा तेवढा तुम्ही ठरवता. त्या साच्यात काय राहून गेलं, ते ऐका.

हा माणूस लोखंडाच्या यार्डात क्रेन चालवतो. सगळे त्याला मामा म्हणतात. एकदा तुळई हवेत लटकलेली असताना त्याच्या कमरेतून जांघेत अशी कळ उतरली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दात-ओठ खात त्यानं तुळई जमिनीला टेकवली, शिडी उतरला आणि खालीच वाकून बसला.

कंपनीनं तुमच्या हॉस्पिटलात स्कॅनला पाठवलं. मशीनवरचा पोरगा बोलका होता. "पूर्वी फोटो दोनदा काढायचो, काका. एकदा साधा, मग औषध टोचून दुसरा. आता औषधाचा एकच. त्यातलं औषध मशीन हिशेबानं वजा करतं, की साधा फोटो तयार. किरणं कमी लागतात."

"म्हणजे न काढलेला फोटो?"

"तसंच समजा."

मामाला पटलं. कमी किरणं कोणाला नकोत?

रिपोर्ट आला: मूतखडा आढळला नाही. कंपनीच्या डॉक्टरनं शेरा मारला: तक्रारीला आधार नाही, कामास योग्य. मामा वर चढेना.

"पोट दुखतंय की उंचीची भीती बसलीय, मामा?" फोरमननं विचारलं.

"कळ आली अन् हात सुटला, तर तुळई तुझ्या डोक्यात येईल. मी वरच असतो."

लोक हसले. फोरमन हसला नाही. मामाला घरी बसवलं आणि त्याच्यावर कामचुकारपणाची चौकशी लावली.

घरी मेहुणा म्हणाला, "भावजी, एवढं मोठं मशीन खोटं बोलेल होय?" बायको ताट वाढता वाढता पुटपुटली, "काम नको असेल तर तसं सांगावं माणसानं." फोरमनचं त्याला काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं.

कळ येत-जात राहिली. गल्लीतल्या डॉक्टरनं सांगितलं, भरपूर पाणी प्या आणि लघवी गाळून बघा.

"माझी चहाची गाळणी नेलीत?" बायकोनं संडासाच्या दाराबाहेरून विचारलं.

"नवी आणतो."

"आणाच. ती आता स्वयंपाकघरात यायची नाही."

आणि एका सकाळी जाळीत तो सापडला. तिळाएवढा, तपकिरी, काटेरी. बायकोनं चष्मा लावला, काडीनं तो उलटापालटा करून पाहिला.

"एवढ्याशानं?" ती म्हणाली. मग थांबून, "मीपण बोलले तुम्हाला."

तिनंच औषधाची रिकामी बाटली धुऊन आणली आणि खडा तीत टाकला.

हॉस्पिटलात रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली, मग स्क्रीनवर मामाचे फोटो उघडले. "हा औषधाचा फोटो. औषध मूत्रपिंडात उतरलंय, म्हणून सगळं पांढरं. खडाही पांढरा. मशीननं औषध वजा केलं, त्याबरोबर हाही गेला. मोठा असता तर राहिला असता. बारीक कधीकधी जातात."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग कागदावर का नाही?"

"साचा वरून येतो. त्यात ती ओळ नाही." त्यांनी पेन घेतलं आणि रिपोर्टाखाली हातानं लिहून दिलं.

कंपनीच्या डॉक्टरनं ते वाचलं, कागद परत सरकवला. "हातानं कोणीही लिहील. छापील आणा."

छापील तुमच्याकडून येतं, साहेब. म्हणून हे तुम्हाला. मशीन भंगारात घाला असं मामा म्हणत नाही. किरणं वाचतात, ती वाचू द्या. पण हा साधा फोटो काढलेला नसून हिशेबानं बनवलेला आहे आणि त्यात बारीक खडा सुटू शकतो, ही एक ओळ छापायला तुमची हरकत काय? ती नव्हती म्हणून आणखी किती जणांना घरच्यांनी नाटकी म्हटलं? मामाच्या नावावरचा शेरा कोण पुसणार?

चौकशी सोमवारी आहे. उत्तर त्याआधी हवं. छापील.