काठाला टेकणारा पडदा

वकीलबाई जिना चढली ती पाय ओढतच. वकिलीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. ती सरांची गणितातली विद्यार्थिनी. पण सरांच्या ओळीओळीवर हुज्जत घालायची, म्हणून त्यांनीच हे नाव ठेवलेलं. सरांचं लिव्हर आता पार कामातून गेलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

दारातच काकूंनी, सरांच्या पत्नीनं, तिला गाठलं. "त्यांची सिद्धता तपासलीस? काय निघालं?"

"चूक आहे, काकू. चौथ्या पायरीला."

तारेच्या कड्यावर साबणाचा पडदा धरतो, तसला ठरावीक वक्रतेचा पडदा काठाला नेमका टेकतो का, या एकाच प्रश्नामागे सर कित्येक वर्षं हात धुऊन लागले होते. काठ गुळगुळीत असता तर निभलं असतं. पण कसला गुळगुळीत अन् कसलं काय! सरांचा काठ फुटक्या बशीसारखा दातेरी. त्यांनी युक्ती केली: आत एक गुळगुळीत काठ आखायचा, मग त्याहून जवळचा, मग आणखी जवळचा, आणि तसं करत खऱ्या काठाला भिडायचं. यात पडद्याचा उतार एका आकड्याच्या आत राहायला हवा. चौथ्या पायरीत तो आकडा सरांनी सगळीकडे एकच धरला होता. तिनं पाहिलं, तर दातांच्या जवळ जावं तसा तो वाढतच चाललेला. म्हणजे पडदा काठाला टेकेल याचा भरवसाच नाही. सगळी मेहनत पाण्यात.

"सांगू नकोस गं," काकू म्हणाल्या. "त्या एका गोष्टीवर जीव धरून बसलेत. सुखानं जाऊ दे त्यांना. पाया पडते तुझ्या." आणि त्या खरंच वाकायला लागल्या, तेव्हा तिनं त्यांना धरून उभं केलं आणि होकारार्थी मान हलवली.

सर उशांना टेकून बसले होते, डोळे पिवळेजर्द. "या वकीलबाई! किती चिंध्या केल्यात आमच्या?"

"एकही नाही, सर. सगळं बरोबर आहे."

"चौथी पायरी?"

"तीसुद्धा."

सर बघतच राहिले. मग हसले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. "अगं, ती फट मला कधीच दिसली होती! माझ्याच्यानं भरेना. लाजेनं बोललो नाही, गुपचूप तुझ्या हाती दिलं. म्हटलं, जमलं तर हिलाच जमेल." त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "तो आकडा वाढू न देता कसा बांधलास? सांग ना, लवकर सांग. तेवढं कळलं की मी सुटलो."

"काठाच्या आतून... सर..."

"हं, आतून. पुढे?"

पुढे काही नव्हतंच. काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

सरांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मनगट सोडलं.

"आज सकाळपासून डोकं छान चालत होतं गं माझं," ते म्हणाले. "दोघांनी बसून बघितलं असतं."

"बसू या ना, सर. आत्ता बसू."

त्यांनी नकारार्थी मान हलवली, काकूंकडून पाणी घेतलं, सावकाश प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"ये तू आता," ते म्हणाले.